उताणी सायकल

मुलीच्या लग्नात जावयाला सायकल द्यायची, ही चाल आमच्या मुलखात कुणी पाडली ते मला ठाऊक नाही. माझ्या लग्नात सासरेबुवांनी मला एक छत्री दिली होती, आणि ती उघडतही होती. तेवढ्यावर मी खूश होतो. पण पुढे परळीपर्यंत आगगाडी आली, हैदराबादची हवा खेड्यापाड्यांत शिरली, आणि सिरसाळ्याच्या विठ्ठलरावांचा निरोप आला की मुलगी पसंत, घराणं पसंत, फक्त पोराला सायकल पाहिजे. सायकल नसेल तर चकलांब्याची एक मुलगी सांगून आलेली आहे, आणि तिच्या बापाच्या ओसरीवर सायकल आजच उभी आहे.

मी दिंद्रुडच्या शाळेत मास्तर. सरकारी कागदात मुदर्रिस, गावात मास्तर आणि घरात 'आवं'. मुलगी एकुलती एक, शिवकन्या. तिला मुलगा पसंत होता. तसं ती बोलली नाही, पण सिरसाळ्याचं नाव निघालं की घागर उचलून पाण्याला जायची, मग रांजण भरलेला का असेना. त्या महिन्यात आमच्या घरात इतकं पाणी झालं की मी दोनदा अंघोळ करू लागलो. तेव्हा काही झालं तरी सायकल आणायची, असं मी ठरवलं.

आमच्या शेजारी अर्जुनराव राहतात. पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक असतात आणि त्या ते न विचारता सांगतात. त्यांनीच बातमी आणली की परळीला रेल्वेच्या कामावरचा एक विलायती साहेब मुलखाला परत निघालाय, त्याच्या सामानाची हर्राजी हाय, आन त्यात सायकल हाय.

आम्ही गेलो. साहेबाच्या खुर्च्या, कंदील, टोप्या असलं सगळं मांडलेलं होतं, आणि एका कडेला तरटात गुंडाळलेलं एक लांबलचक गाठोडं. तरटातून दोन चाकं बाहेर आली होती आणि अर्जुनरावांनी आत हात घालून घंटी वाजवून पाहिली. सायकल ओळखायला माणसाला आणखी काय लागतं? आश्चर्य एवढंच की बोली लावायला माझ्याशिवाय कुणी पुढं आलं नाही. "तुमचं नशीब जोरावर हाय, मास्तर," अर्जुनराव म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

अंगणात तरट सोडलं. मागे एक मोठं चाक, पुढे एक छोटं चाक, मध्ये लांब नळी. नळीवर वेताची आरामखुर्ची असावी तशी पाठ टेकायची सोय. हँडल बुडाखाली. पायडल मात्र पुढच्या चाकाच्याही पुढे, वर, हवेत. तुळजाबाई, म्हणजे आमची मंडळी, पदर खोचून तिच्याभोवती एक फेरी मारून आली.

"आवं, ही पडलीय का अशीच हाय?"

अर्जुनराव म्हणाले, "चेपलीय. रेल्वेखाली आली असंल." त्यांनी ती सरळ करण्यासाठी घणसुद्धा मागवला. तेवढ्यात माझं लक्ष वेताच्या पाठीकडे गेलं. ती झिजून माणसाच्या पाठीच्या आकाराची झाली होती. साहेब हिच्यावर निजून जात असला पाहिजे! मी तसं बोलून दाखवल्यावर गावातले म्हातारे तात्याबा, जे नुसते बघायला आले होते, त्यांनी काठी टेकली.

"पाय पुढं करून मानूस घरातनं एकदाच निघतो, मास्तर. आन तवा त्याला चालवावं लागत न्हाई."

म्हातारं माणूस, बोलतं काहीतरी. शिकलेल्या माणसानं सगळ्याच गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

ती चालवायला शिकताना मी कुठेकुठे पडलो, ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की साध्या सायकलीवरून पडणारा माणूस उंचावरून पडतो, त्यात काहीतरी पुरुषार्थ असतो. हिच्यावरून पडणारा आधीच निजलेला असतो. तो पडला हे त्याचं त्यालाही जरा उशिरा कळतं. पाय पायडलवरून सटकायचे, तेव्हा अर्जुनरावांनी सल्ला दिला की सुतळीनं बांधा. बांधले. मग मी पडायचा थांबलो, किंवा पडलो तरी सायकलसकट पडू लागलो.

आणि मग एका सकाळी ती चालली.

काय सांगू! एवढी वर्षं फळ्यासमोर उभं राहून माझ्या कमरेचं लाकूड झालं होतं. रात्री कूस बदलायची तर तुळजाबाईला हाक मारावी लागे. आणि इथे मी पाठ टेकून, पाय लांब करून, जणू जेवून लवंडलोय अशा थाटात माजलगावच्या सडकेनं निघालो होतो. समोरचा वारा अंगावर न येता अंगावरून जात होता. साध्या सायकलवाल्याला समोरचा खड्डा दिसतो, मला आभाळ दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी जाता जाता लिंबाच्या झाडाचं पोट पाहिलं. घारी पाहिल्या. शाळेत पोरांना आभाळावर निबंध लिहायला सांगणारा मी, मला आभाळ एवढं असतं हे माहीत नव्हतं. जावयाला द्यायच्या वस्तूवर सासऱ्याचं मन बसावं हे चांगलं नाही, पण माझं बसलं.

खड्डे मात्र नंतर कळत.

ही बातमी सिरसाळ्याला पोचायला वेळ लागला नाही. विठ्ठलरावांचा उलटा निरोप आला : "तुमी बाज घेतलीय म्हनं, चाकाची. आमी सायकल मागितली. सायकल असंल तर सरकारचा बिल्ला दाखवा." त्या काळी सायकलीला तालुक्याच्या कचेरीतून पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे. मी बिल्ल्यासाठी गेलो.

कचेरीतल्या अहलकारानं, म्हणजे कारकुनानं, खिडकीतून पाहिलं, मग बाहेर येऊन पाहिलं, मग इतर अहलकारांना बोलावून आणलं.

"मास्तरसाब, ये क्या है?"

"सायकल."

"बैठके चलाते वो सायकल. ये तो लेटके चलाते. लेटके चलाते वो पलंग." मग मला नीट समजावं म्हणून तो मराठीवर आला. "पलंगाला बिल्ला देता येत न्हाई. आन बिल्ला नसला तर सडकेवर आणता येत न्हाई."

दुसरा, वयस्कर अहलकार म्हणाला, मामला इतका सोपा नाही. रस्त्यानं निजून जाण्याचा मान पालखीवाल्यांचा. तो वरून मिळावा लागतो. मास्तरला मिळालाय का? मी म्हणालो, मला तर अजून मागची तरक्कीही मिळालेली नाही. तेव्हा दोघांनी डोकी हलवली आणि सांगितलं, की चालवून दाखवा, मग तजवीज करू.

मी निजलो, पाय बांधून घेतले आणि कचेरीच्या आवारात एक फेरी मारली. फेरी उत्तम झाली. पण मी थांबायला आणि मोठे साहेब दारातून बाहेर पडायला एकच गाठ पडली. माझे दोन्ही तळवे साहेबांच्या तोंडासमोर. उठावं तर पाय बांधलेले. सलाम केल्याशिवाय राहावं तर नोकरी सरकारी. मी निजल्या निजल्या, दोन पायांच्या मधून, साहेबांना वाकून सलाम करायचा प्रयत्न केला. साहेबांनी माझे तळवे नीट पाहिले. मग ते टांग्यात बसून निघून गेले. अहलकारानं माझी तजवीज त्या दिवसापुरती तहकूब केली, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती अजून तहकूबच आहे.

बिल्ला नाही, सायकल नाही, म्हणजे सोयरीक नाही. घरी आलो तर शिवकन्या दारातच उभी. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घागर न घेताच मागच्या दारानं निघून गेली. घागर न घेता ती जाते हे पाहून मी तुळजाबाईला म्हणालो, "बिल्ला गेला खड्ड्यात. उद्या हिच्यावर बसून, म्हणजे निजून, सिरसाळ्याला जातो. त्यांच्या दारात चालवून दाखवतो. चालते ती सायकल. आणखी काय पुरावा पाहिजे?"

सकाळी तुळजाबाईनं सायकलीला हळद-कुंकू लावलं. सोयऱ्याच्या दारी द्यायची वस्तू, म्हणून झेंडूचा हार पुढे बांधायला घेतला, पण तो पायडलात अडकू लागला, तेव्हा तिनं तो माझ्याच गळ्यात घातला. मी ठेवणीतलं पांढरं धोतर आणि पांढरा सदरा घातला होता. अर्जुनराव आपल्या दोन पुतण्यांना घेऊन सोबतीला निघाले, कारण जमादारानं मध्यस्थी केली तर सोयरीक पक्की होते असं त्यांचं मत. ते पायी, मी सायकलीवर. माझे पाय त्यांनी स्वतःच्या हातानं बांधले, पोलिसातली गाठ मारून.

माघ सरत आला होता. ऊन चढलं, आणि उताण्या माणसाचं एक दुःख मला त्या दिवशी कळलं. साध्या सायकलवाल्याचं ऊन डोक्यावर असतं, उताण्याचं ते डोळ्यांत असतं. मी अर्जुनरावांना म्हणालो, "काहीच दिसत नाही हो." ते म्हणाले, "तुमाला तसं बी कुठं दिसतंय?" आणि त्यांनी माझं पांढरं उपरणं माझ्या तोंडावरून पांघरलं. कापड पातळ होतं. सावलीही झाली आणि वाटही अंधुक दिसू लागली. मला त्यांचं कौतुक वाटलं.

पुढे उतार लागला. पायडल मारायचं कामच उरलं नाही. हात बुडाखालच्या हँडलवर, पाय जोडलेले, सायकल आपली चालली होती आवाज न करता. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली. मागे अर्जुनराव आणि पुतणे धापा टाकत, घाम पुसत, मान खाली घालून चालत होते. त्यांच्यात बोलण्याएवढा दम उरला नव्हता.

आणि काय नवल! शेतातल्या बायका काढणी सोडून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतले आणि हात जोडले. भिवराबाई म्हणून एक ओळखीची बाई आहे, तिची पोरं माझ्या हाताखाली शिकली. तिनं तर डोळ्यांना पदर लावला. एका शेतकऱ्यानं बैलांना थांबवून पागोटं काढलं. सिरसाळ्याकडे निघालेला एक छकडा कडेला घेतला गेला, आणि मी पुढे गेल्यावर तो मधल्या वाटेनं भरधाव निघाला. मास्तरकीला इतका मान आहे हे मला माहीत नव्हतं. मनात आलं, सरकारला कळत नसेल, पण लोकांना कळतं. माझा ऊर भरून आला. मान हलवून नमस्कार स्वीकारावा असं वाटलं, पण मान हलवली की सायकल वळते, म्हणून मी स्थिर राहिलो.

उतार संपून चढ आला. सायकल मंदावली तेवढ्यात शेतातून दोन गडी धावत आले आणि एक अक्षर न बोलता त्यांनी दोन्ही बाजूंनी सायकलीला खांदा लावला. आमच्या भागातली माणसं अशी आहेत! चढ संपल्यावर मी उपरण्याखालून म्हणालो, "बस, बाबांनो. आता इथून मी जातो."

ते ज्वारीत शिरले ते पुन्हा दिसलेच नाहीत. आभार मानायचेच राहिले.

त्याच गोंधळात साखळी उतरली. या सायकलीची साखळी म्हणजे विहिरीचा दोर, ती एकदा उतरली की चढवायला गाव लागतं. लिंबाखाली आमचा बराच वेळ त्यात गेला. अर्जुनरावांनी प्रत्येक वेळी ती उलट बाजूनं चढवली आणि प्रत्येक वेळी सांगितलं की पोलिसात अशीच चढवतात.

सिरसाळ्यात शिरलो तेव्हा गल्ली ओस पडलेली. सावली होती म्हणून मी उपरणं तोंडावरून काढलं. विठ्ठलरावांच्या घराकडे वळलो, तर दारात ही गर्दी, आणि आतून बायकांचं रडणं. घरात कुणीतरी गेलं होतं! म्हणजे सुतक, म्हणजे लग्न पुढे, आणि पुढे म्हणजे चकलांबा. माझ्या शिवकन्येचं नशीबच फुटकं, असं वाटून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी गर्दीच्या मागे सायकल भिंतीला टेकवली आणि निजल्या निजल्याच समोरच्या पाठमोऱ्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"दिंद्रुडचे मास्तर," तो मागे न बघता म्हणाला.

"अरेरे!" मी म्हणालो. मग जरा विचार करून म्हणालो, "कोणते?"

"शाळंतले."

दिंद्रुडच्या शाळेत माझ्याशिवाय दुसरा मास्तर नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही क्षणभर मी आठवून पाहिलं. मागे वळून अर्जुनरावांना विचारणार, तोवर ओट्यावर विठ्ठलराव बोलू लागले. धिप्पाड माणूस, पण आवाज बसलेला.

"असा मानूस होनं न्हाई. इमानी. शांत. कुनाला वर आवाज केला न्हाई. पोरांना जीव लावला. आन आमी सायकलीपायी त्याला अडवून धरलं. त्या घोरानंच गेला बिचारा."

हे सगळं माझ्याबद्दल होतं! एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याबद्दल एका दमात एवढं बोललं नव्हतं. खरं तर त्याच वेळी ओरडायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, आणखी थोडं बोलू द्यावं.

विठ्ठलरावांनी हात वर केला. "समद्या गावादेखत शबूद देतो. बापाविना पोरीला आमी अंतर देनार न्हाई. पोरगी आमची झाली. नारळ बी आमीच आनू. सायकल नगं, काय नगं."

आता मात्र राहवेना. माणसानं प्रामाणिक असावं. मी होतो तिथूनच म्हणालो, "विठ्ठलराव, सायकल आणलीय."

पुढचं नीटसं आठवत नाही. गर्दी दुभंगली, कुणी रामाचं नाव घेतलं, कुणी केरसुणी उचलली. विठ्ठलराव ओट्यावर बसले ते बसलेच. मी उठून समजावून सांगावं म्हटलं, तर पोलिसातली गाठ सुटेना. शेवटी घरातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. विठ्ठलरावांची आई, छबुबाई. तिनं सरळ येऊन माझ्या पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"गरम हाय," तिनं गावाला सांगितलं. मग मला विचारलं, "पाय कावून बांधलेत?"

"निसटतात म्हणून."

"आन तोंडावर कापड व्हतं म्हनं?"

"ऊन लागत होतं."

"हार?"

"तुमच्याचसाठी आणलाय."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिनं आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली असतील, पण माझ्यासारखं पाहिलं नसावं. मग तिच्या डोक्यात काहीतरी लखकन आलं. "कावळा शिवलता व्हय रं तुला?"

ती हे का विचारतेय ते मला उमगेना. आमच्याकडे डोक्याला कावळा शिवला की मरण जवळ आलं म्हणतात. मग ते टळावं म्हणून आपणच नातलगांत आपल्या मरणाची खोटी बातमी धाडतात. नातलग खरोखर रडले की मरण आल्या पावली परत जातं. मला ही रीत माहीत होती. पण कावळा काही शिवला नव्हता. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तोच मागून जमादारी आवाज आला.

"शिवला तर! परवाच. माझ्या डोळ्यांदेखत."

गर्दीनं श्वास सोडला. सगळ्यांना सगळं समजलं, मी सोडून. विठ्ठलराव मात्र आता सावध झाले. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मास्तर, जीव वाचला, लई चांगलं झालं. पन शबूद आमी मेलेल्याला दिलता. जित्याची बात अलग हाय. सायकल म्हनाल तर ही—"

"गप ए इठ्ठल!" छबुबाईनं काठी आपटली. "कावळा शिवल्यावर सांगावा कुनाला धाडत्यात? सोयऱ्याला. आपुन रडलो का न्हाई? परक्यासाठी रडतंय का कुनी? तू तर मगाशी ढसाढसा रडलास. रडलास तवाच त्यो सोयरा झाला. आता सोयरीक मोडायची असंल तर ते पानी परत डोळ्यात भर आन मग मोड."

विठ्ठलरावांनी गावाकडे पाहिलं. गाव त्यांच्या ओल्या मिशीकडे पाहत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि आत गुळासाठी सांगितलं.

सायकलीचा निकालही म्हातारीनंच लावला. "ही अवदसा माझ्या दारात नगं. माझ्या नातवानं पाय पुढं करून घरातनं निघायचं न्हाई. तुझी तुलाच लखलाभ."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. फार नाही, थोडे घेतले.

परतताना ऊन उतरलं होतं, तोंड उघडं होतं, हारही म्हातारीनं काढून घेतला होता. ज्वारीत भिवराबाई अजून काढणी करत होती. मला बघून तिच्या हातातला विळा पडला. "मास्तर," ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "परत कावून आलात?" मी म्हणालो, "घेतलं नाही तिकडे," आणि आभाळ बघत पुढे गेलो.

शिवकन्या वेशीपर्यंत आली होती, रिकाम्या हातानं. लांबून सायकल दिसली आणि तिचा चेहरा पडला. जवळ आल्यावर जमिनीकडे बघत म्हणाली, "घेतली न्हाई त्यांनी सायकल."

"नाही घेतली."

"मंग?"

"तुला घेतलं."

ती माझ्या पायांची सुतळी सोडायला खाली बसली आणि सोडता सोडता माझ्या पायांवर डोकं ठेवून रडली. सिरसाळ्यात माझ्यासाठी गाव रडलं होतं. पण मी रडलो तो तेव्हा.

रात्री जेवताना तुळजाबाईला सगळं सांगितलं. विठ्ठलराव काय काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलं : इमानी, शांत, कुणाला वर आवाज नाही, असा माणूस होणं नाही. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं, तव्यावर टाकली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"आवं, त्यांनी नाव तुमचंच घेतलतं ना?"

विठ्ठलराव आता व्याही झालेत, दर सणाला भेटतात. पण ते विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.